वाडीवरचे ज्ञान आणि शिक्षकाचे शिक्षण

शिक्षक घडविणारा अभ्यासक्रम कोणाच्या ज्ञानाला ज्ञान मानतो, यावर वर्गातील शेवटच्या बाकावरच्या मुलाचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते. पनवेल परिसरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. येथील डोंगरपायथ्याशी कातकरी आणि ठाकूर समाजांच्या वाड्या आहेत. तेथील मूल शाळेत येते, ते कोरी पाटी घेऊन येत नाही. ओढ्यातला मासा, रानातला कंद, पावसाची चाहूल यांची जाण त्याच्याजवळ असते. बी.एड.च्या वर्गातून आलेल्या शिक्षकाला ती ओळखता यावी, यासाठी विद्यापीठांनी काय करावे, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

मागणी जुनीच आहे

महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना नांगर धरण्याची किंवा सुताराचे हत्यार चालविण्याची लाज वाटू नये, आणि अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असे त्यांनी त्यात सुचविले होते. श्रमातील ज्ञान आणि सामाजिक न्याय हे जोतीरावांच्या दृष्टीने दोन विषय नव्हतेच. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. ज्यांना ज्ञानाचा अधिकारच नाकारला गेला होता, त्यांच्यासाठी उच्च शिक्षणाचे दार उघडले.

आजचा अभ्यासक्रम

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले. ‘ज्ञान आणि अभ्यासक्रम’, ‘समावेशक शाळेची निर्मिती’ असे विषय त्यात आले. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानप्रणालींत आदिवासी ज्ञानाचाही स्पष्ट उल्लेख केला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु ज्ञानपरंपरेचा विषय शिकविताना बहुधा ग्रंथांचीच चर्चा होते, आणि समावेशनाच्या विषयात आदिवासी मूल ‘वंचित’ म्हणून भेटते. एकीकडे ते अनुपस्थित, तर दुसरीकडे केवळ सहानुभूतीचा विषय. जाणकार म्हणून ते कोठेच भेटत नाही. आमच्या मते खरी उणीव हीच आहे.

शेवळाचा धडा

एक साधे उदाहरण घेऊ. पावसाळ्याच्या तोंडावर पनवेलच्या बाजारात आदिवासी भगिनी शेवळे विकावयास आणतात. शेवळ नीट न शिजविता खाल्ले तर घशाला खाज सुटते. म्हणून त्यात आंबट काकडे किंवा चिंच घालावी, हे त्या गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतात. सुरण-अळूच्या कुळातील या वनस्पतीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. खाज का सुटते, आंबटाने काय घडते, कोणते शेवळ खुडावे आणि कोणते पुढील वर्षासाठी राखावे, या तीन प्रश्नांत रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि पर्यावरण हे तिन्ही विषय सामावतात. ही भाजी विकणाऱ्या बाईच्या हाती दिवसाकाठी किती पैसे पडतात आणि रानावर तिचा हक्क किती, हा चौथा प्रश्न विचारला की सामाजिक न्यायाचा पाठ सुरू होतो. 2006च्या वनहक्क कायद्याचा अभ्यास येथूनच आरंभता येईल.

कसोटी हवीच

स्थानिक ज्ञानाचा आदर म्हणजे प्रत्येक रूढीचे समर्थन नव्हे. अस्पृश्यताही परंपरेच्याच नावाने जोपासली गेली, हे आपण विसरू शकत नाही. केवळ ऐकीव आहे, परंपरागत आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नये; ते अनुभवाने हितकर ठरते का हे पाहावे, असा उपदेश भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना केला. हीच कसोटी येथेही लागू करावी. शेवळाची रीत अनुभवाला उतरते. सर्पदंशावरील मंत्र उतरत नाही, तेथे रुग्णालयच गाठले पाहिजे. हा विवेक शिकविणे हे शिक्षणशास्त्राचे काम आहे.

निवासी शाळेवरील विशेष जबाबदारी

कॅनडात 1990च्या दशकापर्यंत चाललेल्या निवासी शाळांत दीड लाखाहून अधिक आदिवासी मुलांना घरापासून तोडण्यात आले आणि त्यांची भाषा दडपली गेली. तेथील सत्य व समेट आयोगाने 2015 साली केलेल्या 94 आवाहनांत, आदिवासी ज्ञान वर्गात कसे आणावे याचे शिक्षण शिक्षकांना देण्यासाठी विद्यापीठांना निधी द्यावा, हेही एक आहे. आपल्याकडील वसतिगृहांचा हेतू निराळा आहे. दिवाळीनंतर आईवडील वीटभट्टीवर गेले तरी मुलाची शाळा सुटू नये, यासाठी त्यांची गरजच आहे. तथापि भूक भागविताना भाषा हिरावली जाऊ नये, ही दक्षता आपणही घ्यावयास हवी. धम्म ज्याने त्याने आपापल्या भाषेत शिकावा, अशी अनुज्ञा बुद्धांनी दिली होती. वर्गात कातकरी बोलीतील शब्दाला हसू येत असेल, तर त्या अनुज्ञेचे स्मरण करावे.

याची वाट महाराष्ट्रात पूर्वीच दाखविली गेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. पाने, बिया, शिंपले ही तेथील शैक्षणिक साधने झाली.

आपण काय करावे

बी.एड.च्या दोन वर्षांत किमान 20 आठवडे क्षेत्रानुभवाचे असतात. त्यांतील काही आठवडे वाडीवर जावेत. तेथील जाणत्या स्त्री-पुरुषांना पाहुणे वक्ते म्हणून सन्मानाने बोलवावे, योग्य मानधन द्यावे, आणि त्यांनी दिलेली माहिती त्यांच्या संमतीने व त्यांच्याच नावाने नोंदवावी. आमचे जे माजी विद्यार्थी आज शिक्षक वा प्राध्यापक आहेत, त्यांनी आपापल्या अभ्यासमंडळांत हा आग्रह धरावा. पालकांना विनंती अशी की, सुटीत मूल घरी आले म्हणजे त्याला रानात आणि ओढ्यावर अवश्य सोबत न्यावे. तेथे ते जे शिकेल, ते परत आल्यावर वर्गात ऐकून घेणे हे आम्हां शिक्षकांचे कर्तव्य आहे.