परदेशांतील घर

मिशनरी म्हणतांच शाळा, दवाखाना व उपासनामंदिर डोळ्यांपुढें येतें; त्यांचें घर मात्र सहसा येत नाहीं. अशा एका घराची हकीकत आम्ही येथें सांगतों.

रॉबर्ट विल्सन ह्यूम हे १८३९ सालीं अमेरिकेहून मुंबईस आले. त्यांचा पुत्र रॉबर्ट ॲलन १८४७ सालीं मुंबईंतच जन्मला. आईबाप ज्यास मायदेश म्हणत, तो मुलानें पाहिलेलाही नव्हता! सुवेझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला. तत्पूर्वीं जहाजांना आफ्रिकेस वळसा घालून जावें लागे व अशा प्रवासांत महिने जात. १८५४ सालीं प्रकृति ढासळल्यामुळें वडील स्वदेशीं निघाले, परंतु वाटेंत जहाजावरच वारले. मुलगा तेव्हां सात वर्षांचा होता.

विधवा मातेनें अमेरिकेंत मुलें वाढविलीं. ज्या देशाच्या सेवेंत पति गेला, त्याविषयीं तिनें त्यांच्या मनांत कटुता पेरली असती, तर कोण तिला दोष देता? पण रॉबर्ट ॲलन १८७४ सालीं आपल्या शेजारच्या नगरास, आजच्या अहिल्यानगरास, आला व अर्धशतक तेथें राबला. धाकटा बंधु एडवर्डही मुंबईस परतला.

आपल्या भागांतील आईबाप ऊसतोडीस महिनोन्महिने परमुलखांत जातात. मुलें आजीजवळ राहतात. विरह आपणांस नवा नाहीं. पालकहो, दूरच्या मुलखाविषयीं व तेथील माणसांविषयीं आपण घरीं काय बोलतों, तें मुलें ऐकत असतात. मुलांनो, तुम्हीही आईबापांचे कष्ट एकदां विचारून पाहा.