घरगुती सुरीची धार आणि कोनाचे बंधन

सुरी बोथट झाली आहे हे सर्वांत आधी पिकलेला टोमॅटो सांगतो. धारदार सुरी स्वतःच्या वजनानेच त्याच्या सालीत उतरते. बोथट सुरी सालीवरून सरकते, मग हात जोर लावतो, आणि जोर लावलेली सुरी निसटली की ती बोटावर येते. स्वयंपाकघरात बोटे कापतात ती पुष्कळदा अशीच. म्हणून घरच्या सुरीला धार कशी लावावी, हे रोज भाजी चिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असणे बरे.

धार म्हणजे पात्याच्या दोन्ही अंगांनी घासून केलेले दोन उतार जेथे मिळतात ती रेषा. चांगल्या लावलेल्या धारेची जाडी एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, कमी असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. सुरीची धार दिव्याकडे करून पाहावी. तेथे पांढरी चकाकती रेघ दिसली, तर प्रकाश परावर्तित करण्याइतका सपाट भाग तयार झाला आहे, म्हणजेच त्या जागी धार उरलेली नाही, असे समजावे. धार झिजते, त्याचप्रमाणे ती वाकते आणि तिचे सूक्ष्म टवकेही उडतात. दाढीच्या पात्याहून सुमारे पन्नास पटींनी मऊ असणारा माणसाचा केसदेखील पोलादाचा टवका उडवू शकतो, असे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले. केस धारेला तिरपा भेटला आणि नेमक्या त्या ठिकाणी पोलादाची घडण एकसारखी नसली, म्हणजे असे घडते. केसाची ही कथा, तर मग चिनी मातीच्या बशीवर किंवा दगडी ओट्यावर सुरी चालविणाऱ्याने कोणती अपेक्षा धरावी!

धार लावताना दोन्ही उतारांना किती कोन द्यावयाचा, हे सुरीच्या कामावरून ठरते. स्वयंपाकाच्या युरोपीय धाटणीच्या सुऱ्यांना सर्वसाधारणपणे एका बाजूस २० अंशांच्या आसपास, जपानी धाटणीच्या सुऱ्यांना १५ अंश किंवा त्याहूनही कमी, आणि हाडे तोडण्याच्या जड सुऱ्यांना २५ ते ३० अंश कोन असतो. कोन लहान असेल तर पाते सहज शिरते, पण धार नाजूक राहते. कोन मोठा असेल तर धार आघात सोसते, मात्र कापणाऱ्याचा हात लवकर दमतो. माहितीपत्रके वाचताना येथे एक सावधगिरी हवी. काही पत्रकांत एका बाजूचा कोन दिलेला असतो, तर काहींत दोन्ही बाजूंचा मिळून. ४० अंशांची धार म्हणजे प्रत्येक बाजूस २० अंश, हे न कळल्यामुळे चांगल्या सुऱ्यांची पहारी झाल्याची उदाहरणे आहेत.

आता सपाट दगडावर नुसत्या हाताने धार लावण्यातील अडचण पाहू. धारेपासून पाठीपर्यंत ४ सेंटिमीटर रुंद असलेले पाते घ्या. जाडी हिशेबात न धरता, १५ अंशांचा कोन साधण्यासाठी त्याची पाठ दगडापासून सुमारे १० मिलिमीटर उचलावी लागेल, आणि २० अंशांसाठी सुमारे १४ मिलिमीटर. म्हणजे पाठ दोन मिलिमीटर वरखाली झाली की कोनात तीन अंशांचा फरक पडतो. नवशिक्याचा हात प्रत्येक फेरीत याहून अधिक हलतो. परिणामी उतार सपाट न राहता गोलसर होतो, आणि अर्धा तास घासूनही टोमॅटो सालीवरच अडतो. चाकावरची साण घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या धारवाल्याच्या मनगटात हा कोन अनुभवाने मुरलेला असतो. मात्र वेगाने फिरणाऱ्या कोरड्या साणेवर पाते तापून निळसर पडले, तर तेथील पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. तेवढा भाग झिजून जाईपर्यंत तेथे धार टिकत नाही.

हाताचे हे हलणे थांबविण्यासाठी जी साधने निघाली ती मुख्यतः दोन तत्त्वांवर चालतात. (कारखान्यात अशा साधनाला ‘जिग’ म्हणतात. त्याला संस्कृत प्रतिशब्द घडविण्याचा मोह येथे आवरला आहे.) पहिल्या प्रकारात पाते चिमट्यात घट्ट धरलेले असते आणि दगड एका सळईला जोडलेला असतो. सळईचे दुसरे टोक पात्याच्या पाठीमागे ठराविक उंचीवरील छिद्रातून जाते. अमेरिकेत लॅन्स्की या नावाने विकल्या जाणाऱ्या संचात १७, २०, २५ आणि ३० अंशांची अशी चार छिद्रे असतात. दुसऱ्या प्रकारात दगडच कोनात उभे असतात. स्पायडर्को कंपनीच्या शार्पमेकर या साधनात चिनी मातीच्या कुळातील कठीण पदार्थाच्या तिकोनी कांड्या १५ किंवा २० अंशांत खोचता येतात, आणि सुरी सरळ उभी धरून खाली ओढावयाची असते. वीस अंश ओळखणे डोळ्याला जमत नाही, पण ओळंबा धरल्यासारखी सरळ रेषा मात्र त्याला नेमकी कळते, हा यातील मर्म होय.

पहिला प्रकार अधिक काटेकोर असला तरी त्यात एक गोम आहे आणि ती नीट समजून घ्यावयास हवी. सळई लांब बाहेर आली म्हणजे कोन बदलतो, असा पुष्कळांचा समज असतो. धार सरळ असेपर्यंत हे खरे नाही. दगडाचा पृष्ठभाग त्या सरळ रेषेवर आणि छिद्राच्या बिंदूवर टेकलेला असल्याने कोन तोच राहतो. फरक पडतो तो धार टोकाकडे वळू लागली म्हणजे. समजा, छिद्र पात्याच्या पातळीपासून ४.४ सेंटिमीटर उंच आहे आणि सरळ धारेपासून १२ सेंटिमीटर मागे. सरळ भागात कोन २० अंशांचा मिळेल. टोकाजवळ धार ४० अंशांनी वळून दीड सेंटिमीटर मागे आली आहे असे धरू. चिमटा टोकापासून ९ सेंटिमीटरवर लावला असेल तर टोकाचा कोन १८ अंशांपर्यंत उतरतो. ३ सेंटिमीटरवर लावला तर तो २४ अंशांच्या घरात जातो. सुमारे ६ सेंटिमीटरवर तो पुन्हा २० अंशांशी येऊन मिळतो. हे अंतर प्रत्येक सुरीला वेगळे असते. ते एकदा सापडले की कागदावर मांडून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी चिमटा त्याच जागी लावता येतो. (प्रस्तुत अनुवादकाने पहिल्याच प्रयत्नात चिमटा मुठीजवळ लावून एका सुरीचे टोक पातळ करून ठेवले. पुढे ते भोपळ्यात मोडले.)

हे अंतर शोधण्यासाठी गणित करण्याची गरज नाही. उतारावर काळ्या मार्कर पेनाची शाई लावावी, दगडाच्या दोन हलक्या फेऱ्या द्याव्यात आणि पाहावे. शाई धारेच्या रेषेपाशी शिल्लक असेल तर कोन लहान पडतो आहे. वरच्या कडेला शिल्लक असेल तर तो मोठा आहे. दगड बदलल्यावरही हीच परीक्षा घ्यावी. नवा दगड आधीच्यापेक्षा एक मिलिमीटर जाड असला तर वरील मापांत कोन जवळजवळ अर्ध्या अंशाने कमी होतो. मग बारीक दगड उताराला छान चमक आणतो, पण प्रत्यक्ष धारेला शिवतच नाही. सुरी आरशासारखी चकाकते आणि कापत नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

कोन साधनाने सांभाळला तरी केव्हा थांबावयाचे हे ते सांगत नाही. त्यासाठी धातूची कोर ओळखावी लागते. एका बाजूने घासत गेल्यावर उतार धारेपर्यंत पोहोचला, की पोलादाचा केसासारखा पातळ पदर विरुद्ध बाजूला वळतो. अंगठा पाठीकडून धारेबाहेर आडवा ओढला असता तो खरखरीत लागतो (धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये). मुठीपासून टोकापर्यंत ही कोर अखंड लागल्याखेरीज बाजू बदलू नये. घाई होते ती येथेच. दुसऱ्या बाजूनेही तशीच कोर आली म्हणजे बारीक दगड घ्यावा, एकेका बाजूस आळीपाळीने फेरी द्यावी आणि दाब कमी करीत शेवटी दगडाच्या केवळ वजनावर यावे. उरलेली कोर चामड्याच्या पट्ट्यावर, न्हावी वस्तरा ओढतो तशी, धार मागे ठेवून ओढल्याने निघून जाते. ती राहिली तर सुरी पहिल्या दिवशी अतिशय तीक्ष्ण भासते आणि दुसऱ्या दिवशी बोथट.

दगडांविषयी थोडक्यात एवढेच, की क्रमांक जितका मोठा तितके कण बारीक. १००० क्रमांकाच्या दगडाचे कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडे मोठे असतात, आणि घरगुती सुरीला तेवढ्याने भागते. एडवर्ड ॲचेसन यांना १८९१ मध्ये सिलिकॉन कार्बाइड कृत्रिमरीत्या बनविता आले, तेव्हापासून चांगला दगड खाणीवर अवलंबून राहिला नाही. २०० ते ४०० क्रमांकाचे खरबरीत दगड टवका उडालेल्या पात्यासाठीच राखून ठेवावेत. साधनात पाते पक्के असल्याने काम सोपे वाटते आणि गरजेहून जास्त धातू निघून जातो, आणि निघालेला धातू परत लावता येत नाही.

करवतीसारख्या दातेरी सुरीला सपाट दगडाचे हे साधन चालत नाही. आपल्या विळीलाही ते चालत नाही. तिचे वाकडे पाते पाटाला जखडलेले असल्याने ते ना चिमट्यात बसते, ना उभ्या कांड्यांवरून ओढता येते. तेथे लहान दगडच पात्यावर फिरवावा लागतो, तोही पाठीकडून धारेकडे आणि बोटे दगडाच्या मागे ठेवून. शाईची खूण आणि अंगठ्याला लागणारी कोर मात्र तेथेही तशीच उपयोगी पडते.