स्टेजची केबल : दिवा लागला म्हणजे झालं का?



अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन... आपल्या किनाऱ्यावर गणपती, जत्रा आणि शाळेचं स्नेहसंमेलन म्हटलं की स्टेज आलंच. माईकला, दिव्यांना वीज पुरवणारी केबल मात्र वर्षभर कोपऱ्यात पडून असते. आयत्या वेळी ती बाहेर काढतात, दिवा लावून बघतात आणि म्हणतात, "लागला! केबल चांगली आहे." चूक इथेच होते.

का बरं? दिव्याला फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा पुरतात. तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार तुटली असली तरी दिवा लख्ख लागतो. आता समजा, अँप्लिफायरच्या आत फेज सुटून त्याच्या धातूच्या डब्याला टेकली. अर्थिंग नीट असेल तर मोठा प्रवाह त्या तारेतून जातो आणि फ्यूज उडतो. अर्थिंग तुटलेलं असेल तर डब्यावर 230 व्होल्ट तसेच राहतात. अनवाणी मुलाचा हात लागला, की प्रवाह त्याच्या शरीरातून जमिनीत जातो.

मग तपासायचं कसं? हे काम वायरमनचं. तुम्ही शिक्षकांसोबत बघायचं आणि नोंद ठेवायची.

1. आधी केबल सुटी करा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग सॉकेटमधून काढा, दुसऱ्या टोकाची उपकरणंही काढा.

2. डोळ्यांनी पाहा. चिरलेलं आवरण, टेप गुंडाळलेले जोड, सैल स्क्रू. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो. असा जोड तापतो.

3. मल्टीमीटर बीपवर ठेवा. बोर्डावर स्विच असेल तर तो चालू स्थितीत ठेवा. प्लगच्या 3 पिना, बोर्डाची 3 भोकं : एकूण 3 × 3 = 9 तपासण्या. त्यांपैकी जोडीच्या 3 ठिकाणीच बीप वाजली पाहिजे, उरलेल्या 6 ठिकाणी नाही.
- जोडीला वाजत नाही : तार तुटली.
- जोडीलाही वाजते, भलतीकडेही वाजते : तारा आत एकमेकींना चिकटल्या.
- फक्त भलतीकडे वाजते : तारांची अदलाबदल झाली.

बीप ऐकताना केबल दोन्ही टोकांशी हलवून बघा. आवाज तुटक आला तरी केबल नापास.

4. आवरण तपासा. एकच बारीक धागा शिल्लक असला तरी बीप वाजते, आणि आवरणातली गळती तर बीपला कळतच नाही. गळतीसाठी वायरमन 500 व्होल्टचा मेगर लावतो. रोध किमान 1 मेगओहम हवा.

5. शेवटी 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधूनच वीज घ्या. तिचं टेस्ट बटण दाबल्यावर वीज गेलीच पाहिजे.

नापास केबलवर चिठ्ठी लावून ती बाजूला ठेवा. टेप गुंडाळून "आजच्या दिवस चालवू" असं करू नका.

सांगा पाहू : फेज आणि न्यूट्रलच्या जोडीला बीप वाजली, अर्थच्या जोडीला नाही. दिवा लागेल का? ही केबल तुम्ही स्टेजवर न्याल का? उत्तर कारणासह वहीत लिहा.