परदेशातील घर आणि लहान मुले : हबशाच्या मुहाजिरांकडून मिळणारा बोध

उपजीविकेसाठी घर सोडणे कोकणातील मुस्लिम समाजाला नवे नाही. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील माणसे पूर्वी जहाजांवर नोकरीला गेली, काही दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला स्थायिक झाली, तर पुढे अनेकांनी कुवेत, सौदी अरेबिया, दुबई, कतार येथे रोजगार मिळविला. पूर्वी बहुधा पुरुष एकटाच जात असे. आज अनेक तरुण पत्नी व लहान मुलांसह जातात. आजी-आजोबा, मोहल्ला, गावची मशीद आणि मकतब मागे राहतात. अशा वेळी मुलांच्या ईमानची आणि संस्कारांची जबाबदारी कोणावर येते? दिव्य कुरआनच्या सूरह तहरीममध्ये (६६:६) ईमानधारकांना स्वतःला आणि आपल्या कुटुंबीयांना नरकाग्नीपासून वाचविण्याचा आदेश आहे. हा आदेश देशाच्या सीमेवर संपत नाही.

हबशातील घरे

इस्लामच्या इतिहासात परदेशी राहिलेल्या कुटुंबांचे पहिले उदाहरण हबशाच्या मुहाजिरांचे आहे. इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळून काही मुस्लिमांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अनुमतीने लाल समुद्र ओलांडला आणि नजाशी या न्यायी ख्रिस्ती राजाच्या राज्यात आश्रय घेतला. त्यांत माननीय जाफर बिन अबू तालिब (र.) आणि त्यांच्या पत्नी माननीय अस्मा बिन्त उमैस (र.) होत्या. हे दांपत्य इ.स. ६२८ मध्ये, खैबरच्या विजयाच्या वेळी मदीनेत परतले. मधल्या सुमारे बारा-तेरा वर्षांत त्यांना हबशातच मुले झाली. या मुलांनी मक्का पाहिली नव्हती. प्रेषितांचा सहवास त्यांना लाभला नव्हता. भोवतालची भाषा आणि धर्म वेगळा होता. तरीही ती ईमान घेऊन परतली, कारण त्यांच्या घरात ईमान जिवंत होते.

परकी भाषा हा दोष नव्हे

हबशाहून परतलेल्या मुलांत उम्मे खालिद (र.) नावाची एक लहान मुलगी होती. प्रेषितांकडे (स.) नक्षीदार कापडाचे एक छोटे वस्त्र आले, तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतले आणि स्वतःच्या हातांनी ते तिला नेसविले. त्यावरील नक्षीकडे बोट दाखवून त्यांनी ‘छान’ या अर्थाचा हबशी शब्द उच्चारला. ही हकीकत सहीह बुखारीत आहे. ज्या भाषेत ती मुलगी वाढली, त्याच भाषेतील शब्दाने तिचे मन जिंकले गेले. आपल्याकडे सुट्टीत आलेल्या मुलांना मराठी किंवा कोकणी बोलता आली नाही की नातेवाईक थट्टा करतात आणि आईवडील ओशाळतात. मुलांना घरची भाषा अवश्य शिकवावी, अन्यथा आजीचे प्रेम आणि दुआ त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाहीत. परंतु हे शिक्षण मायेने व्हावे. ज्या घरात मुलाला परके ठरविले जाते, त्या घरचा धर्मही त्याला परका वाटू लागतो.

आईचा एकटेपणा

मदीनेत माननीय उमर (र.) एकदा अस्मा (र.) यांना म्हणाले की, हिजरतमध्ये आम्ही तुमच्या पुढे आहोत. अस्मांनी (र.) स्पष्ट उत्तर दिले : तुम्ही प्रेषितांच्या सान्निध्यात होता, ते तुमच्यातील भुकेल्यांना खाऊ घालीत व अजाणांना शिकवीत, आम्ही मात्र दूरच्या परक्या भूमीत होतो. त्यांनी हे गाऱ्हाणे प्रेषितांपुढे मांडले. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, उमर आणि त्यांच्या साथीदारांची हिजरत एक आहे, तर जहाजातून आलेल्यांच्या हिजरती दोन आहेत.

परदेशी राहणाऱ्या स्त्रीचे कष्ट प्रेषितांनी किरकोळ मानले नाहीत. आज परदेशातील बंद सदनिकेत तान्ह्या मुलाला सांभाळणारी स्त्री सासू, नणंद, बहीण यांच्या आधाराविना असते. तेथे पतीने घरकामात हात लावणे ही प्रेषितांची सुन्नत आहे. माननीय आयशा (र.) सांगतात की, प्रेषित (स.) घरी असताना कुटुंबीयांच्या कामात मग्न असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी जात.

मुसाफिर कोण, मुकीम कोण?

याबाबत अनेक कुटुंबांचा गैरसमज असतो. सुमारे ८० किलोमीटर किंवा अधिक अंतराच्या प्रवासात जुहर, असर आणि इशाच्या चार रकअतींऐवजी दोन पढल्या जातात. फज्र व मगरिबमध्ये बदल होत नाही. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई आहेत. शाफई मताप्रमाणे प्रवासात जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढता येतात. लहान मुलांसह लांबच्या विमानप्रवासात ही मोठी सोय आहे. हनफी मताप्रमाणे मात्र नमाजा आपापल्या वेळीच पढाव्यात.

ही सवलत प्रवासापुरती आहे. एखाद्या ठिकाणी पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस सोडून चार दिवस राहण्याचा इरादा असेल, तर शाफई मताने माणूस मुकीम होतो. हनफी मताने ही मर्यादा पंधरा दिवसांची आहे. म्हणजेच नोकरीच्या व्हिसावर घर थाटून राहणारे कुटुंब तेथे मुसाफिर नाही. त्याने पूर्ण नमाज पढावी आणि रमजानचे रोजे ठेवावेत. ‘आम्ही येथे तात्पुरते आहोत’ ही भावना बऱ्याचदा मुलांच्या शिक्षणातही शिरते. नमाज, कुरआन, शेजारधर्म सारे गावी परतल्यावर पाहू, असे ठरते आणि तोवर बालपण सरून जाते. प्रेषितांनी (स.) सातव्या वर्षापासून मुलांना नमाज पढण्यास सांगावे अशी शिकवण दिली आहे. ते सातवे वर्ष मूल जेथे असेल तेथेच येते.

हे शिक्षण कठोरपणे देऊ नये. प्रेषित (स.) आपली नात उमामा (र.) हिला खांद्यावर घेऊन नमाज पढत, आणि तान्ह्या बाळाचे रडणे ऐकून नमाज आटोपती घेत. परदेशी मशीद दूर असेल तर दिवसातून एक-दोन नमाजा घरीच सर्वांनी मिळून पढाव्यात. वडिलांनी इमाम व्हावे आणि मुलाला अजान देऊ द्यावी.

मुले गावी असतील तर

सर्वांनाच कुटुंब सोबत नेणे शक्य होत नाही. शिक्षणासाठी आलेले काही तरुण वीस रात्री प्रेषितांजवळ राहिले. त्यांना घरची ओढ लागल्याचे जाणून प्रेषितांनी (स.) त्यांना परत पाठविले आणि शिकलेले घरच्यांना शिकविण्यास सांगितले. तसेच प्रवासाचे काम पूर्ण होताच कुटुंबाकडे त्वरेने परतण्याची त्यांची शिकवण आहे. दरमहा पैसे पाठविल्याने पोटगीचे कर्तव्य पार पडते, पितृत्वाचे नाही. फोनवर मुलाला केवळ गुणांविषयी विचारू नये. त्याच्याकडून एखादी लहान सूरह ऐकावी, त्याच्या मित्रांची नावे माहीत असावीत. जमेल तितक्या लवकर सुट्टी घ्यावी, आणि आणखी किती वर्षे दूर राहायचे याचा निर्णय पत्नीशी विचारविनिमय करून घ्यावा.

प्रेषित (स.) प्रवासाहून परतत तेव्हा घरातील मुले त्यांना सामोरी नेली जात. हबशात जन्मलेले अब्दुल्लाह बिन जाफर (र.) सांगतात की, एकदा प्रेषितांनी त्यांना उचलून आपल्या पुढे बसविले, मग फातिमा (र.) यांच्या एका मुलाला मागे घेतले, आणि एकाच वाहनावरून तिघे मदीनेत शिरले. परदेशात जन्मलेल्या मुलाला मिळालेले हे स्थान होते. आपल्या घरातही त्याला तेच स्थान मिळाले पाहिजे.

अल्लाह आमच्या प्रवासी बंधू-भगिनींचे रक्षण करो, त्यांच्या संततीला त्यांच्या डोळ्यांचा गारवा बनवो आणि विखुरलेल्या कुटुंबांना एकत्र आणो. आमीन.