अरे-तुरे आणि अहो-जाहो : मारिव्होच्या एका सुखात्मिकेविषयी

मालक-नोकरांची वेषबदली ही सुखात्मिकेची जुनी क्लृप्ती. मारिव्हो या फ्रेंच नाटककाराच्या, १७३० साली पॅरिसमधील इटालियन नटमंडळींनी रंगभूमीवर आणलेल्या ‘प्रेमाचा आणि दैवाचा खेळ’ या तीन अंकी नाटकात ती दुहेरी आहे. वराची पारख करावी म्हणून सिल्विया आपली दासी लिझेत हिच्याशी वेष बदलते. तिकडे दोरांतही नोकर आर्लकँला मालक करून, स्वतः नोकर होऊन येतो. दोन्ही बेत ठाऊक असतात ते फक्त सिल्वियाचे वडील ऑर्गाँ आणि भाऊ मारियो यांना.

हे नाटक शिकवताना मी संबोधनांपासून सुरुवात करतो. सोंग घेतलेले दोघे प्रथम भेटतात तेव्हा सवयीने एकमेकांशी आदबीने बोलतात. नोकरमाणसांत एवढी आदब शोभत नाही, असे म्हणून वडील आणि भाऊ त्यांना अरे-तुरेवर आणतात. कपडे चटकन बदलतात. भाषा बदलायला मात्र कोणी सांगावे लागते. फ्रेंचमध्ये अशी रूपे दोन, मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशी तीन. त्यामुळे अनुवादकाची प्रत्येक निवड पात्राची पायरी ठरवते.

दुसऱ्या अंकाच्या अखेरीस दोरांत आपली खरी ओळख सांगतो. सिल्विया मात्र गप्प राहते. आपल्याला दासी समजूनच त्याने मागणी घालावी, हा तिचा हट्ट. आणि तिसऱ्या अंकात तो ती घालतो. येथे नाटक धीट वाटते. पण शेवटी मालकाला मालकीण मिळते, नोकराला दासी.

वर्गातल्या एका विद्यार्थिनीची आई चार घरची धुणीभांडी करते. तिने विचारले, “सर, वेष बदलायची परवानगी कोणी दिली? मालकानंच ना?” प्रश्न नेमका होता. खोट्या दोरांतला जिंकण्यासाठीही लिझेतला ऑर्गाँची संमती घ्यावी लागते.

देवलांनी मराठीत आणलेल्या ‘मृच्छकटिका’त वसंतसेना मदनिकेला दास्यातून मुक्त करून शर्विलकाच्या हाती देते. तेथेही देणारी मालकीणच; पण दासीची पायरी खरोखर बदलते. मारिव्होची लिझेत होती तेथेच राहते.

विद्यार्थ्यांनी एक करून पाहावे : पडदा पडल्यानंतरच्या सकाळचा सिल्विया-लिझेत संवाद दहा वाक्यांत लिहावा. कोण कोणाला ‘तू’ म्हणते, हे आधी ठरवावे. उरलेले नाटक आपोआप उलगडेल.