व्यापाऱ्याचा जोडधंदा : काही विचार

आपल्या भाषेत ‘वरकमाई’ आणि ‘जोडधंदा’ असे दोन शब्द आहेत. मूळ उत्पन्नाखेरीज होणारी अधिक प्राप्ती, असाच अर्थ दोहोंचा आहे. परंतु पहिला शब्द कानी पडताच ऐकणाऱ्याच्या मनात शंका डोकावते आणि दुसरा उच्चारताना कोणासही संकोच वाटत नाही. कचेरीतील कारकुनाच्या टेबलाखालून येते ती वरकमाई. शेतकऱ्याच्या गोठ्यातून निघते ते दूध म्हणजे जोडधंदा. व्यापाऱ्याच्या अधिक प्राप्तीस यांपैकी कोणते नाव शोभते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. समाजातील तरुण मंडळी अलीकडे हा प्रश्न वारंवार विचारतात, म्हणून हा प्रपंच.

हळ्ळीखेडसारख्या ठिकाणी धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याचे वर्ष सारखे जात नाही. श्रावण-भाद्रपदात मूग व उडीद येतो, दिवाळीच्या सुमारास सोयाबीन, पौष-माघात तूर आणि तिच्या मागोमाग हरभरा व ज्वारी. चैत्र सरला की आवक रोडावते आणि मृगापासून पुढे काही आठवडे तर तराजूला काम राहत नाही. दुकानाचे भाडे, मुनिमाचा पगार, मुलांच्या शिक्षणाचा खर्च हे मात्र बारमाही आहेत. एकेकाळी दोन महिन्यांच्या हंगामात वर्षाची बेगमी होत असे. आता शेतकऱ्याच्या हातात दूरध्वनी आहे, लातूर, सोलापूर व कलबुर्गी येथील भाव त्याला घरबसल्या कळतात, आणि आडतीतील अंतर त्यामुळे कमी झाले आहे. यात शेतकऱ्याचे कल्याणच आहे. तक्रार करण्याचे कारण नाही. तथापि व्यापाऱ्याने उरलेल्या महिन्यांचे काय करावे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या प्रश्नाची सर्वांत सोपी उत्तरे सर्वांत वाईट आहेत. पोत्यामागे कडता धरणे, ओल्या मालाच्या नावाखाली किलो-दोन किलो अधिक घेणे, तूरडाळीत लाखेची डाळ मिसळणे. आपल्या आचार्यांनी अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगताना कमी-अधिक मापांचा आणि हलका माल भारी म्हणून खपविण्याचा स्पष्ट निर्देश केला आहे. ज्यांना शास्त्राची भीती वाटत नाही त्यांनी वजनमापे खात्याची व अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची बाळगावी. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

साठेबाजीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण पुष्कळ सज्जन माणसेही तिला वाईट समजत नाहीत. माल आपला, पैसा आपला, वखार आपली. मग थांबून विकण्यात दोष कोणता, असे त्यांचे म्हणणे असते. सन २०१५ च्या ऑक्टोबरात किरकोळ बाजारात तूरडाळ किलोस २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा देशभर गोदामांवर छापे पडले आणि जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ याची आठवण सर्वांस झाली. त्या भावाच्या स्मृतीवर अनेकांनी पुढील वर्षी तूर धरून ठेवली. परंतु शेतकऱ्यानेही तोच भाव पाहिला होता. त्याने पेरा वाढविला, पाऊस चांगला झाला, आणि २०१६-१७ च्या हंगामात तूर बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये असलेल्या हमीभावाच्याही खाली उतरली. भावाची वाट पाहणाऱ्यास भाव मिळाला नाही, व्याज मात्र भरावे लागले. त्यानंतर २ जून २०२३ रोजी केंद्र शासनाने तूर व उडीद यांवर साठामर्यादा लावली. घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक डाळीचे २०० टन ठरविण्यात आले होते, तेच सप्टेंबरात ५० टनांवर आणले. २०२४ च्या जूनमध्ये तूर व हरभऱ्यावर पुन्हा मर्यादा आली. म्हणजे ज्या गोष्टीवर सरकार एका आदेशाने मर्यादा घालू शकते, तिला उत्पन्नाचा आधार मानणे हा व्यवहारच नव्हे. वायदा व ‘डब्बा’ यांची गोष्ट तर बोलूच नये. तूर-उडदाचे वायदे जानेवारी २००७ मध्येच बंद झाले, आणि डब्ब्याला कायद्याचा आधार कधीच नव्हता.

दुसरी जुनी वाट व्याजबट्ट्याची. कर्नाटकात सावकारी १९६१ च्या कायद्यानुसार परवान्याखेरीज करता येत नाही, आणि २०२५ साली शासनाने लहान कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध कडक कायदा केला. शेतकऱ्यास बी-बियाण्यासाठी हातउसने देणे निराळे. त्याच्या अडचणीवर महिना टक्क्याने घर चालविणे निराळे. ज्याला ही वाट धरावयाची आहे त्याने परवाना काढून, पावती देऊन धरावी.

आता चांगल्या वाटेकडे वळू. तिचे उत्तम उदाहरण आपल्याच मालातून, उडदातून निर्माण झाले आहे; म्हणून ते मुंबईचे असले तरी आपणांस परके नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतील एक. पुढे २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. घरकाम सांभाळून दोन पैसे मिळावेत एवढाच हेतू होता. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. तीच आज ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या नावाने घरोघरी ओळखली जाते.

व्यापाऱ्याने या कथेतील रकमेकडे पाहू नये, रीतीकडे पाहावे. प्रारंभी या भगिनी दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्त. छगनबाप्पांनी सांगितले की प्रत एकच ठेवा आणि ती कधी उतरू देऊ नका; शिवाय हिशेब चोख लिहा, हा धर्मादाय नाही, व्यवसाय आहे. आपणांपैकी कितीजण असा सल्ला देते? दोन प्रती ठेवणे म्हणजे अधिक गिऱ्हाईक, असेच आपण सांगितले असते. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह. त्या काळी यंत्र घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून बुद्धी चालली. पुढे पद्धत अशी बसली की उडदाचे डांगर संस्थेत तयार व्हावे, भगिनींनी ते घरी नेऊन लाटावे, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यावेत आणि लाटण्याची मजुरी, जिला त्या ‘वणाई’ म्हणतात, हातोहात घ्यावी. काम करणारी प्रत्येक भगिनी संस्थेची भागीदार असते. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली.

मुंबईच्या बहिणींना पावसाळा आडवा आला. आपल्याकडे निसर्गानेच सोय केली आहे, ती आपण पाहत नाही. उडीद भाद्रपदात निघतो, वखारीत कोरडा राहतो, आणि ऊन कडक पडते ते चैत्र-वैशाखात, म्हणजे नेमके दुकानातील काम सरते तेव्हा. आमच्या आईच्या पिढीतील बायका याच दोन महिन्यांत वर्षाचे वाळवण उरकीत आणि तुरीस तेलाचा हात लावून, उन्हात घालून, जात्यावर डाळ पाडीत. त्याला कोणी धंदा म्हणत नसे, कारण ते विकले जात नव्हते. शंभर किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ मिळते. उरलेली चुनी व टरफले जनावरांस उपयोगी पडतात. घाऊक व्यापारी तूर पोत्याने विकून मोकळा होतो आणि हा पुढचा सर्व फायदा दुसऱ्या गावाकडे जातो.

चातुर्मासात साठवणीच्या पदार्थांविषयी आपल्या घरांत जी मर्यादा पाळली जाते, ती येथे अडचण नसून उपकारक आहे. जेवढे विकेल तेवढेच करावे आणि वर्षाऋतूपूर्वी माल उठवावा, ही शिस्त तिच्यातून आपोआप येते.

पुरुष मंडळींसाठी एक निराळे काम सांगतो. धान्य चाळण्याचे व प्रतवारीचे यंत्र ज्यांच्याकडे आहे, त्यांचे ते वैशाख-ज्येष्ठात धूळ खात पडते. त्याच वेळी शेतकऱ्यास घरचे सोयाबीन व तूर पेरणीसाठी निवडून हवी असते. क्विंटलमागे ठराविक मजुरी घेऊन ते काम करून द्यावे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शेतकऱ्याचे बी त्याला स्वच्छ करून देणे ही मजुरी झाली. आपल्या वखारीतील धान्य ‘बियाणे’ म्हणून विकणे हा विनापरवाना बियाण्याचा व्यापार होय, आणि न उगवलेल्या शेताचा शाप त्यात वेगळा. रिकाम्या वखारीचेही तसेच आहे. ती भाड्याने द्यावी, किंवा ऐपत असल्यास २००७ च्या वखार कायद्याखाली नोंदवून घ्यावी, म्हणजे तिच्या पावतीवर शेतकऱ्यास बँकेचे कर्ज मिळू शकते. मात्र परक्याचा माल आपल्या मालात मिसळू देऊ नये. मोठ्या यंत्रसामग्रीचा मोह ज्यांना होतो त्यांनी आधी लहान प्रमाणावर एक हंगाम काढावा. २०२० साली केंद्र शासनाने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढली, तीत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले होते. पण अनुदानासाठी धंदा काढलेली माणसे मी पाहिली आहेत. अनुदान संपते, हप्ते संपत नाहीत.

डाळ वा पापड पुडीत भरून विकावयाचे तर अन्न सुरक्षा कायदा, २००६ याप्रमाणे नोंदणी हवी. पुडीवर वजन, तारीख व नाव खरे असावे, आणि कन्नडही असावे. आपले बहुसंख्य गिऱ्हाईक कन्नडच वाचते. ‘गुलबर्गा तूरडाळ’ या नावास २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याखेरीज ते नाव छापू नये, माल कितीही चांगला असो. वस्तू-सेवा करात पापडावर कर नाही. पण २५ किलोपर्यंतच्या छापील पुडीतील डाळीस जुलै २०२२ पासून ५ टक्के कर लागू झाला. वस्तूंच्या विक्रीस ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही हे खरे असले, तरी दुकान ज्याच्या नावावर नोंदलेले आहे त्यानेच जोडधंदा काढल्यास त्याची विक्री वेगळी धरली जात नाही, हे अनेकांस ठाऊक नसते.

म्हणून जोडधंदा घरातील स्त्रीने चालवावयाचा असेल तर तो खरोखर तिचा असावा. केवळ कागदावर नव्हे. सासऱ्याने वा पतीने भांडवल बक्षीस म्हणून दिले, तर त्यावरील उत्पन्न आयकराच्या दृष्टीने देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळविले जाऊ शकते. तेव्हा सूनबाईंस पैसे कर्जाऊ द्यावेत, बँकेतून, योग्य व्याजाने, आणि सनदी लेखापालाचा सल्ला घेऊन. दुकानातून उचललेला उडीदही त्यांच्या खात्यावर बाजारभावाने नावे टाकावा. आमच्या घरी हा नियम लावला तेव्हा मंडळींनी, ‘सुनेला बिल देता काय?’ म्हणून चेष्टा केली. पण घरचा उडीद फुकट धरला तर पापडात नफा आहे की दुकानात तोटा, हे कोणत्याच वहीत कळत नाही. शेजारपाजारच्या ज्या बायका लाटावयास येतात, त्यांची मजुरी त्याच सायंकाळी द्यावी. हंगामाअखेर हिशेब करू, असे त्यांस सांगू नये.