लॉनमधला लव्हाळा कसा जाईल?

प्रश्न : इस्लामपुरात घरापुढे लॉन केलंय. लव्हाळा कितीही उपटला तरी पुन्हा फुटतो. काय करू?

उत्तर : उपटताना पात हाती येते, गाठ मातीतच राहते. एका धाग्यावर अशा अनेक गाठी असतात, बहुतेक वरच्या १५ सेंटिमीटरांत. लॉनसाठी उसाच्या रानातली माती आणली असेल, तर गाठी तिच्यातूनच आल्या असणार.

ग्लायफोसेट हे तणनाशक मुळीच मारू नका, लॉनही जळेल. उसातल्या लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल चालतं, पण अंगणाएवढ्या जागेला खुरपंच बरं. जमीन वाफशावर असताना खोल खुरपून गाठीसकट काढा. राहिलेल्या गाठींतून कोंब दिसताच पुन्हा काढा. सुमारे तीन आठवडे थांबलात तर नव्या गाठी धरू लागतात. हे हंगामभर चिकाटीने करावं लागतं. काढलेल्या गाठी खतखड्ड्यात मात्र टाकू नका.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही. म्हणून लॉन फार बारीक कापू नका, विरळ जागी लगेच हिरवळ लावा. निम्म्याहून अधिक जागा लव्हाळ्यानेच व्यापली असेल, तर एप्रिल-मेमध्ये सगळं खणून ढेकळं उन्हात तापू द्या, गाठी वेचा आणि पावसाळ्यात लॉन नव्याने लावा.